डाग नव्हे, दीर्घिका!

उन्हाळ्याच्या तोंडावर एक तरुण आमच्या कार्यालयात आला. व्यवसायाने वायरमन. गाव दुष्काळी तालुक्यातले. जयभीम घातला आणि काखेतले वर्तमानपत्रात गुंडाळलेले छायाचित्र टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, एवढे छापा."

आम्ही पाहिले. काळाभोर कागद, त्यावर मोहरीसारखे विखुरलेले तारे, एका कडेला भला ठळक तारा आणि त्याच्या शेजारी राखेचे बोट फिरवल्यासारखा एक पुसट डाग. आम्ही प्रामाणिकपणे विचारले, "यात पाहायचे काय?" तो म्हणाला, "हा ठळक तारा मघा. सिंह राशीतला. आणि हा डाग आहे ना सर, ती दीर्घिका आहे. लिओ-1 तिचे नाव. तिथला उजेड आठ लाख वर्षांपूर्वी निघालाय. मी तो आमच्या अंगणात पकडला."

मग त्याने पुढची हकीगत सांगितली. हेच छायाचित्र घेऊन तो एका शहरातल्या विज्ञान प्रदर्शनाला गेला होता. तिथल्या गृहस्थांनी आधी विचारले, "कोणत्या संस्थेकडून आलात?" संस्था नाही म्हटल्यावर छायाचित्राकडे ओझरते पाहून म्हणाले, "डाग पडलाय. लेन्स पुसून घ्या."

या वाक्यावर आमचे रक्त तापले. त्याचे तापले नव्हते. तो घरी गेला आणि खरोखरच लेन्स पुसली. कॅमेरा दुर्बिणीवर फिरवून वेगळ्या कोनात बसवला आणि पुढच्या अमावास्येला तीच जागा पुन्हा टिपली. डाग लेन्सवर किंवा कॅमेऱ्यात असता तर कॅमेऱ्याबरोबर तोही फिरला असता. तो फिरला नाही. मघेच्या शेजारी जिथे होता तिथेच राहिला. नंतर त्याने अमेरिकेतील पालोमार वेधशाळेच्या आकाशपाहणीतले त्याच जागेचे छायाचित्र संगणकावर काढून शेजारी ठेवले. डाग तिथेही होता. ही दीर्घिका 1950 साली याच पाहणीच्या काचपट्ट्यांवर प्रथम सापडली होती.

वाचकहो, आता तुम्ही विचाराल की आपल्यापुढे प्रश्नांचे डोंगर उभे असताना या पानावर आकाशातल्या डागांची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की प्रदर्शनातल्या त्या दोन प्रश्नांपैकी दुसरा विज्ञानाचा होता आणि पहिला मक्तेदारीचा. "डाग कशावरून नाही?" असे कोणीही कोणालाही विचारावे, विचारलेच पाहिजे. परंतु "तू कोण?" याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुरावा पाहायचाच नाही, हा प्रकार आम्हांस चांगला परिचयाचा आहे. म्हणून या डागांची गोष्ट आम्ही मुळापासून सांगणार आहोत.

आपण ज्या आकाशगंगेत राहतो तिच्यात दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. अशा मोठ्या दीर्घिकांच्या आसपास अगदी छोट्या दीर्घिका असतात. कोणात काही कोटी तारे, कोणात काही लाख, कोणात जेमतेम काही हजार. शास्त्राच्या पुस्तकांत यांना 'बटू' म्हणतात. आम्ही साधा 'खुजी दीर्घिका' हा शब्द वापरतो. यांची अडचण केवळ लहानपणाची नाही. यांचे तारे इतके विरळ पसरलेले असतात की त्यांचा एकत्रित उजेड आकाशाच्या मोठ्या तुकड्यावर पातळ होऊन जातो. जिला आपण काळीकुट्ट रात्र म्हणतो तिलाही स्वतःचा मंद उजेड असतो. अनेक खुज्या दीर्घिकांचा उजेड त्या रात्रीच्या उजेडाच्याही शंभराव्या हिश्श्याइतकाच भरतो. लिओ-1 तर मघेपासून पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर आहे. माणूस हजारो वर्षे मघेकडे पाहत आला, तिच्यावर पंचांगे रचली, मुहूर्त काढले. शेजारची दीर्घिका कोणाला दिसली नाही. दिव्याकडे पाहणाऱ्याला दिव्याशेजारचे दिसत नाही, हा डोळ्याचा धर्म आहे.

याहून बोलके उदाहरण दक्षिणेकडच्या अश्मंत तारकासमूहातले. 1835 साली जॉन हर्शेल आफ्रिकेच्या दक्षिण टोकाहून आकाश तपासत असताना त्यांना तिथे एक छोटा गोलसर पुंजका दिसला. त्यांनी नोंद केली. तो पुंजका ज्या खुज्या दीर्घिकेचा भाग आहे ती दीर्घिका मात्र त्यांना दिसली नाही. ती 1938 साली हार्वर्ड वेधशाळेच्या हार्लो शॅप्ली यांनी दक्षिण आफ्रिकेत घेतलेल्या काचपट्ट्यांवरून जाहीर केली. घरातला एक दिवा दिसला आणि घर दिसायला 103 वर्षे लागली! हर्शेल यांची दुर्बीण लहान नव्हती, नजरही कच्ची नव्हती. परंतु डोळा उजेड साठवून ठेवू शकत नाही. छायाचित्राची काचपट्टी तासन् तास साठवते. फरक एवढाच होता.

हा साठवण्याचा उद्योग आज अंगणात होऊ शकतो. कसा, ते त्या तरुणाने आम्हांस सविस्तर सांगितले. सहा इंची आरशाची दुर्बीण, जुन्या बाजारातून घेतलेला कॅमेरा आणि पृथ्वी फिरते त्या गतीने दुर्बीण उलट फिरवत ठेवणारी मोटार लावलेली बैठक. चंद्र नको, म्हणून अमावास्येच्या आसपासच्या रात्री. गावात आजही अमावास्येला पोराबाळांना घराबाहेर सोडत नाहीत. हा पठ्ठ्या अमावास्येची वाट पाहतो. आधी आजूबाजूच्यांना वाटले, पोरगे काहीतरी करणीबिरणी करते. मग चार म्हाताऱ्या येऊन दुर्बिणीतून शनीची कडी पाहून गेल्या आणि करणीची भाषा बंद झाली.

एका छायाचित्रासाठी कॅमेऱ्याचे दार दोन मिनिटे उघडे. असे एक नव्हे, दीडशे. म्हणजे पाच तासांचा उजेड, तीन रात्रींत विभागून. सुट्या छायाचित्रात दीर्घिका दिसतच नाही, नुसती दाणेदार कचकच दिसते. परंतु कचकच प्रत्येक छायाचित्रात वेगळ्या जागी असते आणि दीर्घिका त्याच जागी. म्हणून छायाचित्रे एकावर एक रचून सरासरी काढली की कचकच एकमेकींना खोडू लागते. याचा हिशेब ठरलेला आहे. चार छायाचित्रांनी कचकच निम्मी होते, शंभरांनी दहावा हिस्सा उरते. म्हणजे दुप्पट स्वच्छ चित्र हवे तर चौपट कष्ट करायचे. यात वशिला चालत नाही. रात्र जागली की फळ मिळते, नाही जागली की मिळत नाही.

कष्ट एवढ्यावर संपत नाहीत. दुर्बिणीच्या तोंडाला झाकण लावून वेगळी छायाचित्रे घ्यायची, म्हणजे कॅमेरा स्वतःहून किती खोटा उजेड दाखवतो ते कळते. संध्याकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून आणखी छायाचित्रे घ्यायची, म्हणजे धुळीचा कण कुठे सावली पाडतो ते कळते. आपल्याच यंत्राचा खोटेपणा आधी मोजायचा, तो वजा करायचा आणि मग जगाविषयी बोलायचे. आम्ही हे ऐकले तेव्हा मनात आले की सार्वजनिक जीवनात आपण किती जण बोलण्याआधी एवढी वजाबाकी करतो?

आणि तरीही फसगत होते. ठळक ताऱ्याचा उजेड भिंगांमध्ये आपटून भलत्याच ठिकाणी फिकट ठिपका उमटवतो. आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचे विरळ ढग दूरच्या दीर्घिकेचे सोंग घेतात. खूप दूरची मोठी दीर्घिका जवळची खुजी म्हणून खपते. म्हणून या क्षेत्रात डाग दिसला की पहिला आनंद गिळायचा आणि पहिला संशय स्वतःवर घ्यायचा असतो. वेगळी रात्र, वेगळी दुर्बीण, वेगळा माणूस. तिन्ही कसोट्यांवर टिकला तर तो डाग उमेदवार ठरतो. त्याचे अंतर मोजले गेले तरच दीर्घिका.

हे सारे पार करून गेलेल्या एका हौशी माणसाचे नाव आम्ही मुद्दाम सांगतो. ज्युसेप्पे डोनाटिएल्लो. दक्षिण इटलीतले. कोणत्याही वेधशाळेत नोकरीला नसलेले. त्यांनी 2010 आणि 2013 साली पाच इंची भिंगाच्या दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेच्या परिसराची दीर्घ छायाचित्रे घेतली. देवयानी दीर्घिका म्हणजे आकाशातला सर्वांत जास्त छायाचित्रे काढला गेलेला तुकडा म्हटला तरी चालेल. 2016 साली ती जुनी छायाचित्रे पुन्हा तपासताना मिरॅक या ठळक ताऱ्यापासून जवळपास एक अंशावर त्यांना एक अतिपुसट डाग दिसला. कोणत्याही यादीत नसलेला. ठळक ताऱ्याच्या आसपास असा डाग म्हणजे संशयाला भरपूर जागा. त्यांनी व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांना कळवले. स्पेनचे डेव्हिड मार्टिनेझ-डेल्गाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनरी बेटांवरील मोठ्या दुर्बिणींनी, त्यांत 10.4 मीटर आरशाची दुर्बीणही होती, ती जागा तपासली. डाग ताऱ्यांत सुटा झाला. 2018 साली शोधनिबंध आला. ती खुजी दीर्घिका होती, देवयानीच्याही कितीतरी मागे, सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर. तिचे नाव डोनाटिएल्लो-1. शोधनिबंधाच्या लेखकांतही त्यांचे नाव आहे.

इथे आम्ही क्षणभर थांबतो. नाव देणे ही लहान गोष्ट नव्हे. याच शास्त्राच्या इतिहासात एक जुने पान आहे. लघु मॅगेलनी मेघ हीसुद्धा एक खुजी दीर्घिकाच, फक्त जवळची आणि दक्षिण गोलार्धातून साध्या डोळ्यांना दिसणारी. पेरू देशात घेतलेल्या तिच्या काचपट्ट्या अमेरिकेत हार्वर्ड वेधशाळेत पोचत. तिथे हेन्रिएटा लेव्हिट ही स्त्री तासाला 30 सेंट मजुरीवर त्या पट्ट्यांवरील तारे मोजत असे. तिथल्या स्त्रियांच्या हाती दुर्बीण दिली जात नसे, मोजणीचे काम दिले जाई. लेव्हिट यांनी 1908 साली दोन्ही मॅगेलनी मेघांतील 1777 चंचल तारे नोंदवले. 1912 साली लघु मेघातील 25 ताऱ्यांवरून त्यांनी दाखवले की ज्या ताऱ्याचा उजेड कमीजास्त व्हायला जास्त दिवस लागतात तो तारा मुळात जास्त तेजस्वी असतो. विश्वातली अंतरे मोजण्याची पट्टी इथून मिळाली. तिच्याच आधारे पुढे एडविन हबल यांनी देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवले. परंतु 1912 च्या त्या पत्रकाखाली सही आहे वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केल्याचे पहिल्या वाक्यात नमूद आहे, इतकेच. एकाच शास्त्रात शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. शास्त्राचे नियम बदलले नाहीत. बदलले ते माणसांचे वागणे, आणि तेही आपोआप बदलले नाही.

डोनाटिएल्लो हा अपवाद आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. 2015 साली रशियाचे इगोर कराचेन्त्सेव्ह आणि जर्मन हौशी छायाचित्रकारांच्या एका गटाने छोट्या दुर्बिणींनी जवळच्या दीर्घिकांचा परिसर दीर्घकाळ टिपून 27 पुसट वस्तू शोधल्या. आम्हांस त्या 27 इतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याच अहवालात त्यांनी लिहिले आहे की आणखी चार दीर्घिकांभोवती शोधूनही नवे काही मिळाले नाही. मिळाले नाही, हेही छापले! रिकाम्या हाताचा हिशेब उघड मांडणारा माणूस भरल्या हाताविषयी बोलतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

व्यावसायिक मंडळीही छोट्या भिंगांकडे वळली आहेत. पीटर व्हॅन डोक्कम आणि रॉबर्टो एब्रहम यांनी क्रीडा छायाचित्रकार वापरतात तसली बाजारातली 400 मिलिमीटरची भिंगे एका बैठकीवर एकत्र बांधून अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत 'ड्रॅगनफ्लाय' ही दुर्बीण उभी केली. कारण या भिंगांवरचा लेप उजेड कमी विखुरतो आणि पुसट वस्तूंसाठी आरशाच्या आकारापेक्षा तेच मोलाचे ठरते. 2015 साली आठ भिंगांच्या या यंत्राने अरुंधती केश तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या दाट गर्दीत 47 अतिविरळ दीर्घिका दाखवल्या. त्याआधी 2014 साली त्यांनी एम-101 या दीर्घिकेभोवती सात खुज्या दीर्घिका जाहीर केल्या होत्या. पुढे हबल दुर्बिणीने तपासले तर त्यांतल्या चार फार दूरच्या निघाल्या, त्या एम-101 च्या नव्हत्याच. ही दुरुस्तीही त्याच गटाने छापली. चूक कबूल केल्याने कोणाचे नाक कापले गेले नाही.

या पुसट डागांना एवढे महत्त्व का? 1999 साली संगणकावरील गणिताने सांगितले की आपल्या आकाशगंगेभोवती शेकडो लहान सोबती असायला हवेत. तेव्हा माहीत होते जेमतेम अकरा. गणित चुकले की नजर अपुरी पडली? त्यानंतरच्या आकाशपाहण्यांत ही संख्या साठाच्या वर गेली आहे. वाद पुरता मिटलेला नाही, परंतु नजरही अपुरी होती हे सिद्ध झाले. शिवाय या दीर्घिकांत दिसणाऱ्या पदार्थापेक्षा न दिसणारा, ज्याला कृष्णद्रव्य म्हणतात तो पदार्थ प्रचंड प्रमाणात असल्याचे ताऱ्यांच्या गतीवरून कळते. विश्व कशाचे बनले आहे या प्रश्नाचे उत्तर या राखेच्या बोटांत दडलेले असू शकते. आपल्या राज्यातही हे काम झाले आहे. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या साहाय्याने आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी साठाहून अधिक पुसट खुज्या दीर्घिकांतील हायड्रोजन वायूचे मोजमाप केले आणि 2008 साली ते जगापुढे मांडले.

या गोष्टीतून सोयीचे तेवढे उचलणे बरे नव्हे, म्हणून दोन-तीन गोष्टी स्पष्ट करतो.

एक, आम्ही या दीर्घिकांना आमच्या समाजाचे रूपक बनवत नाही. मोह होतो. लहान, दुर्लक्षित, मोठ्यांच्या उजेडात झाकलेल्या; भाषण ठोकायला एवढे पुरे. परंतु दीर्घिकेला जात नसते, तिला खुजी म्हटल्याने तिचा अपमान होत नाही आणि तिला कोणी मुद्दाम झाकलेले नाही. माणसांना मुद्दाम झाकले जाते. हा फरक पुसणारे रूपक आम्हांस नको.

दोन, छोटी दुर्बीण पुरे, मोठ्या वेधशाळा कशाला, असेही कोणी समजू नये. डोनाटिएल्लो यांचा डाग दीर्घिका ठरला तो मोठ्या आरशाखाली गेल्यावर. अंगण आणि वेधशाळा दोन्ही लागतात. मधला रस्ता खुला असला पाहिजे, एवढेच.

तीन, खर्च. गतीने फिरणारी बैठक, कॅमेरा, संगणक मिळून हा छंद स्वस्त नाही. आमच्या वायरमन मित्राने तीन वर्षे ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकले. सर्वांना ते शक्य नाही. परंतु इथेच डोनाटिएल्लो यांचे पुढचे काम उपयोगी पडते. 2021 साली जाहीर झालेल्या त्यांच्या आणखी तीन दीर्घिका, तसेच 2022 साली जाहीर झालेली पेगासस-5, या त्यांना स्वतःच्या दुर्बिणीतून सापडलेल्या नाहीत. सरकारी पैशाने झालेल्या मोठ्या आकाशपाहण्यांची छायाचित्रे इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य ठेवलेली आहेत. ती त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासली. लेव्हिट यांच्याकडेही दुर्बीण नव्हती, काचपट्ट्या होत्या. म्हणजे भांडवल आहे ते तयार नजरेचे आणि चिकाटीचे. दप्तर मात्र उघडे पाहिजे. चिलीतील नव्या रुबिन वेधशाळेने जून 2025 मध्ये पहिली छायाचित्रे दाखवली. तिचा मूळ साठा पहिली दोन वर्षे ठरावीक हक्कदारांपुरता आणि नंतर जगाला खुला, असा तिचा नियम आहे. दोन वर्षांचा का असेना, दरवाजा दरवाजाच असतो. तो लवकर उघडावा, असे आमचे मत आहे.

आणि आता सर्वांत अडचणीचा मुद्दा. या कामाला अंधार लागतो. शहरात दिव्यांच्या झगमगाटात खुजी दीर्घिका टिपणे जवळपास अशक्य. म्हणून काही मंडळी खेड्यांच्या अंधाराचे गोडवे गाऊ लागली आहेत. आम्ही त्यांना सांगू इच्छितो की आमच्या वस्त्यांतला अंधार आम्ही निवडलेला नव्हता. गावात खांब आले ते आधी चावडीपर्यंत, मग पाटलाच्या आळीपर्यंत. आमच्या वस्तीवर दिवा सर्वांत शेवटी लागला. त्या दिव्याखाली पोरे शिकली, त्या दिव्यामुळे बायाबापड्या रात्री निर्भयपणे घराबाहेर पडू लागल्या. आकाश पाहण्यासाठी तो दिवा मालवा, असे कोणी म्हणेल तर आमचा साफ नकार आहे.

परंतु आमचा वायरमन मित्र यावर हसला. खांबावर चढणारा माणूस तो. म्हणाला, "सर, दिवा मालवायचा नाही, दिव्याला टोपी घालायची. निम्मा उजेड आभाळात जातो, तो कोणाच्या कामाचा? तोच खाली वळवला तर रस्ता जास्त उजळेल आणि बिलही कमी येईल." महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, तीही परिसरातल्या दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवल्यामुळे. वस्तीला पुरेसा उजेड आणि आकाशाला पुरेसा अंधार, दोन्ही एकाच दिव्याने साधते. ज्याने हा तोडगा सांगितला त्याला प्रदर्शनात संस्था विचारली होती, हे वाचकांनी विसरू नये.

आमची मागणी मोठी नाही. आपल्या मंडळांच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, ती असलीच पाहिजेत. त्यांच्या शेजारी एक संगणक आकाशाच्या या खुल्या छायाचित्रांसाठी राखून ठेवावा. जयंतीच्या खर्चातून वर्षाला एक छोटी दुर्बीण घ्यावी आणि ती कपाटात न ठेवता अंगणात ठेवावी. अमावास्येच्या रात्री मुलामुलींना, होय, मुलींनाही, बाहेर काढावे. त्यातले सगळे खगोलशास्त्रज्ञ होणार नाहीत. परंतु दिसलेल्या गोष्टीवर आधी संशय घ्यायचा, मग तपासायचे, आणि तपासून टिकली तर कोणाच्याही दरडावण्याने ती सोडायची नाही, एवढी सवय जरी लागली तरी खर्च वसूल झाला.

राहता राहिले ते छायाचित्र. आम्ही ते छापलेले नाही. आमच्या छापखान्यातल्या माणसाने ते उजेडात धरून पाहिले आणि मान हलवली. आमच्या कागदावर मघा उमटेल, लिओ-1 उमटणार नाही. शाईच्या ठिपक्यांत ती विरून जाईल. आम्ही ओशाळून तसे त्या तरुणाला फोनवर कळवले. तो म्हणाला, "मग छापू नका सर. नाहीतर लोक म्हणतील, यात काहीच नाही. मी कसे काढले ते लिहा. ज्याला शंका असेल त्याने स्वतः काढून बघावे."

म्हणून आम्ही हे लिहिले. मूळ छायाचित्र आमच्या कार्यालयात भिंतीवर लावले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अवश्य यावे. ठळक ताऱ्यावरून नजर काढा, थोडी बाजूला न्या आणि घाई करू नका.